ओल धरलेलं मीठ

आमच्या कारखान्यात काय बनतं असं कुणी विचारलं की मी आधी त्याचा वास सांगतो, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. महिनाभर उघडं राहिलेलं तूप घ्या, त्यात तान्ह्या बाळाने दूध ओकलेलं दुपटं घाला आणि डबा बंद करून उन्हात ठेवा. झाकण काढल्यावर नाकात जाईल ते ब्युटिरिक ॲसिड. अंबरनाथच्या एमआयडीसीत गेली एकोणीस वर्षं मी या ॲसिडचं मीठ बनवतोय. पांढरं, भुरभुरीत, ॲसिडपेक्षा जरा सौम्य वासाचं. ते पोत्यांतून कोंबडीखाद्यवाल्यांकडे जातं. त्याने कोंबड्यांची आतडी धड राहतात म्हणे. मी तिथे शिफ्ट इनचार्ज आहे. इतक्या वर्षांत एकाही कोंबडीने माझा सत्कार केलेला नाही.

सत्कार झाला तो माझ्या बायकोचा, आणि तोही याच वासासाठी.

आमचा फ्लॅट बदलापूरला, सोनिवलीत. बायकोचे वडील अंबरनाथच्याच दुसऱ्या एका कारखान्यात ऑफिसर होते, त्यामुळे केमिकलचं तिला नवल नव्हतं. तरी लग्नानंतर आठवड्याभरात तिने नियम घालून दिला. घरात शिरल्यावर कुठेही टेकायचं नाही, थेट आंघोळ. कपडे गॅलरीतल्या वेगळ्या बादलीत. साबणाने हा वास हलत नाही, धुण्याचा सोडा लागतो, हे मी तिला शिकवलं. माझी आई आमच्याकडेच असते, तिच्यासमोर ती मला अहो-जाहो करायची आणि आंघोळीला पिटाळताना मात्र "अरे, आधी आत जा" म्हणायची.

ती निदान बोलून दाखवायची. बाकीचे लोक तेवढंही करत नसत. मी लिफ्टमध्ये शिरलो की शेजारच्यांना पेपर आणायचा आठवायचा, वॉचमनशी बोलायचं आठवायचं. "तुम्ही व्हा पुढे," म्हणत लोक बाहेर पडत. उल्हासनगर कॅम्प तीनला जाताना एका शेअर रिक्षावाल्याने मला मागच्या सीटवरून उठवून जीन्सच्या गठ्ठ्याशेजारी पुढे बसवलं होतं, आणि मला वाटतं गठ्ठ्याला वास लागेल म्हणून तेही त्याने थोडं नाइलाजानेच केलं. या सगळ्याची सवय होते. पोट भरतंय ना, मग नाकाचे लाड कशाला करायचे, असं मी स्वतःला सांगत आलो.

बायको मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी. उल्हासनगरच्या एका कॉलेजात तिने दहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. अडतिसाव्या वर्षी तिने तिथेच पीएचडीला नाव नोंदवलं. तिच्या मार्गदर्शक सरांनी तीन विषय पुढे ठेवले होते. त्यातला एक होता, आतड्यातले जंतू जे ब्युटिरिक ॲसिड बनवतात त्याचा कॅन्सरच्या पेशींवर होणारा परिणाम. संध्याकाळी घरी आली ती हसतच. म्हणाली, "मी तुझा वास घेतलाय."

मला आनंद झाला होता, हे मी नाकारणार नाही. दोन महिने मी घरातला गुरू होतो. हे मीठ कशात विरघळतं, किती गरम केलं तर चालतं, हातमोजे कुठले घालायचे, सगळं ती मला विचारायची आणि मी भाकरी मोडता मोडता सांगायचो. मग एके दिवशी तिने विचारायचं थांबवलं आणि सांगायला सुरुवात केली. आपण खातो त्या भाकरीतला, वालातला, पालेभाजीतला जो भाग आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जंतू खातात आणि त्याचं हे ॲसिड करतात. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी त्यावरच जगतात. त्यांचं ते रोजचं जेवण. आणि गंमत अशी की त्याच आतड्यात कॅन्सर झाला तर कॅन्सरच्या पेशींना हेच जेवण बाधतं. त्यांची वाढ थांबते, पुष्कळशा मरतात. हे असं का होतं आणि त्याचा औषधासाठी कसा उपयोग करता येईल, यावर जगभर लोक डोकं फोडतायत.

सतरा वर्षं मी ज्याच्यात बुडालो होतो, त्याच्याविषयी मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मला त्या जेवणात समजली. मी तिला म्हटलं की तुझ्या बाटलीतलं मीठ काही जंतूंनी बनवलेलं नाही, ते माझ्यासारख्याच कुठल्यातरी कारखान्यातून आलंय. ती म्हणाली, "हो, रेणू तोच रे." तिला त्यात टोमणा दिसलाच नाही, आणि याचा मला जास्त राग आला.

त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत तिचं व्याख्यान ठेवलं, 'आपल्या पोटातले मित्र'. माइकची वायर सांभाळायला मी होतो. लिफ्टमधून बाहेर पडणारी तीच मंडळी पहिल्या रांगेत बसून माना डोलवत होती. बायकोने छोट्या बाटलीत थोडं मीठ आणलं होतं, ते हुंगायला फिरवलं. बायकांनी नाकं मुरडली, हसल्या, आणि बाटली पुढे दिली. माझ्या अंगाला येणारा वास तोच होता, पण माझ्या वासाला कधी कुणी पुढे सरकलं नव्हतं. तिला शाल आणि नारळ मिळाला. नंतर सेक्रेटरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं पण असंच काहीतरी आहे ना?" मी हो म्हणालो आणि वायर गुंडाळायला लागलो. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. त्या रात्री तिच्याशी मी डोकं दुखतंय म्हणून बोललो नाही.

विसर्जनानंतरच्या रविवारी तिला कॉलेजात जायचं होतं. पेशींना सुट्टी नसते, त्यांचं द्रावण ठरल्या दिवशी बदलावंच लागतं. पाऊस होता, म्हणून मी स्कूटरवरून तिला सोडायला गेलो आणि पहिल्यांदाच तिची लॅब बघितली. दोन विद्यार्थिनी काम करत होत्या. बायको आतल्या खोलीत पेशी बघत होती आणि मी उगाच इकडेतिकडे बघत उभा होतो. कोपऱ्यात काचेचं जाड भांडं होतं, ओल लागू नये अशा वस्तू ज्यात ठेवतात ते. त्यात तिच्या मिठाची बाटली होती. खाली ओल शोषणारे दाणे असतात, कोरडे असले की निळे आणि ओल भरली की गुलाबी. ते दाणे सगळे गुलाबी झाले होते. बाटलीचं झाकण अर्धवट लागलेलं, आणि आतल्या मिठाची भुरभूर जाऊन ते काचेला चिकटलं होतं.

हे मीठ हवेतलं पाणी पितं. आमच्याकडे हे पहिल्या दिवशी आलेल्या कामगारालाही ठाऊक असतं. पाणी प्यायलेलं मीठ तोललं तर वजन भरतं, पण त्यात माल कमी असतो. मी बायकोला हाक मारणार, तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, तुम्ही पण याच्यावरच रिसर्च करता का?" बायकोने आतूनच उत्तर दिलं, "नाही गं, ते कोंबड्यांच्या खाद्यात आहेत." पोरी हसल्या. बायकोही हसली. त्यात वाईट काही नव्हतं, मी स्वतः हा विनोद शंभरदा केला असेल. पण मी केला तर तो माझा. मी तोंड मिटलं. म्हटलं, एवढी मोठी संशोधक आहे, कळेल तिचं तिला.

तिला कळलं नाही. तिला दुसरंच काहीतरी कळलं.

दर सोमवारी ती त्याच बाटलीतून मीठ तोलून ताजं द्रावण करायची आणि पेशींना द्यायची. ऑक्टोबर लागेपर्यंत ती जेवताना सांगायला लागली की पूर्वीच्याच डोसला आता पेशी कमी मरतायत. पुढच्या आठवड्यात आणखी कमी. कॅन्सरच्या पेशी या ॲसिडशी जुळवून घ्यायला शिकल्यात, असं तिला वाटत होतं. सरांना तर तसं ठामच वाटत होतं. त्यांनी नवीन बाटली कधी फोडली एवढं विचारलं होतं आणि जूनमध्ये म्हटल्यावर मग ताजीच आहे म्हणाले होते. डिसेंबरात एक परिषद होती. त्यासाठी तिने हे निष्कर्ष लिहून पाठवले. तिच्या शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीची समितीही त्यांवरच निर्णय घेणार होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात तिचं स्वतःचं काहीतरी आलं होतं.

आणि मला माहीत होतं की तिच्या हातात आहे ते पाणी आहे.

मी रोज ऐकत होतो. ती ताटात बोटाने आलेख काढून दाखवायची, आमटीत रेघ उठायची आणि मोडायची. मी विचारायचो, मग काय म्हणाले सर? ती उत्साहाने सांगायची. मनातल्या मनात मी परिषदेतला कुणीतरी चष्मेवाला उभा करायचो, तो उठून विचारायचा की मॅडम, मीठ कोरडं होतं का? मग तिचा पडलेला चेहरा. मग ती घरी यायची, माझ्याकडे. असं ते मनातलं चित्र होतं आणि मी ते रोज थोडं थोडं रंगवत होतो. माणूस इतका हलका असतो का, तर असतो, मी होतो. दुसऱ्या एखाद्या बाईने हे केलं असतं तर मी कौतुक केलं असतं. घरातल्याच माणसाने माझ्याच वासाचं सोनं करावं, हे मला बघवत नव्हतं.

दिवाळीनंतर कारखान्यात एक बॅच निघाली. आमच्याकडे एक म्हातारे ऑपरेटर आहेत, निवृत्तीला आलेले. यंत्राचा रिपोर्ट यायच्या आधी ते हातमोज्यात मूठभर मीठ घेतात, दाबतात आणि मूठ उघडतात. भुरभुरलं तर पास, गोळा राहिला तर नापास. त्या दिवशी गोळा राहिला. माल न्यायला गाडी दारात उभी होती आणि वरून फोन येत होते. मी त्यांना म्हणालो, काका, थोडी ओल आहे, जाऊ द्या, कोंबड्याच खाणार आहेत. त्यांनी मूठ माझ्यासमोर धरली.

"साब, पाणी पिलाय हा. कोंबडीला पण फसवायचं नाय आपण."

मी बॅच परत ड्रायरला लावली आणि ऑफिसात येऊन बसलो. कोंबड्यांना ओलं मीठ चालत नाही, बायकोला चालतं, हे माझं सतरा वर्षांच्या नोकरीचं तात्पर्य होतं. लाज वाटली. पण लाजेबरोबर शहाणपण येतंच असं नाही.

त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं. नीट सांगितलं, पाणी, वजन, डोस, सगळं. फक्त एवढंच सांगितलं नाही की मला केव्हा कळलं. म्हणालो, आज कंपनीत बॅच ओली निघाली आणि एकदम डोक्यात आलं, तुझ्याकडेही असंच झालं नसेल ना? तिने हातातली वाटी खाली ठेवली. रडली नाही, चिडली नाही. मग कागद घेऊन आली आणि मला एकेक विचारायला लागली. सुरुवातीचे दोन महिने जसं विचारायची तसं. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही, आणि आपल्याला बरं वाटतंय याची लाजही त्या क्षणी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने छोट्या बाटलीत नमुना दिला. कारखान्यातल्या पाणी मोजायच्या यंत्रावर मी तो लावला. वजनाचा पाचवा हिस्सा पाणी निघालं. तिने मीठ सुकवून पुन्हा तोललं, पुन्हा डोस दिला, आणि पेशी पहिल्यासारख्या मेल्या. त्या काहीही शिकल्या नव्हत्या. परिषदेला पाठवलेलं तिने मागे घेतलं. सर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. समितीने मुदतवाढ दिली पण निम्मीच, आणि सहा महिन्यांचं काम तिला पहिल्यापासून करायचं होतं. ती सकाळी सातला निघायला लागली.

जानेवारीत सरांनीच मला कॉलेजात बोलावलं. विद्यार्थ्यांना असल्या रसायनांची हाताळणी शिकवा, तुमच्यासारखी अनुभवी माणसं आम्हाला मिळत नाहीत, असं ते फोनवर म्हणाले. मी नवीन शर्ट घेतला. पंचवीस-तीस मुलं होती आणि बायको शेवटच्या रांगेत बसली होती. मी म्हाताऱ्या ऑपरेटरची मूठ करून दाखवली, पोरांना हातमोजे घालून करायला लावली. मुलं हसली, शिकली. वास घेताना कुणी मागे सरकलं नाही. टाळ्या वाजल्या आणि त्या माझ्यासाठी होत्या. मी फार वर्षांनी सरळ उभा होतो.

एका मुलाने हात वर केला. "सर, मॅडमच्या बाटलीतला प्रॉब्लेम तुम्हाला कसा कळला?"

अशा प्रश्नाची मी जणू जन्मभर वाट बघत होतो. म्हणालो, अरे, अनुभवाने नजर तयार होते. मॅडमना सोडायला एकदा इथे आलो होतो. त्या कोपऱ्यातल्या भांड्याकडे नुसतं लांबून बघितलं. दाणे गुलाबी, झाकण सैल, मीठ काचेला चिकटलेलं. मी जागेवरच ओळखलं.

मुलं वा म्हणाली. सरांनी मान डोलावली. मी बोलतच होतो, आणि बोलता बोलता शेवटच्या रांगेकडे बघितलं. बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती समोरच्या बाकावर बघत होती आणि तिचे ओठ किंचित हलत होते. ती मोजत होती. मी लॅबमध्ये त्याआधी एकदाच आलो होतो, हे मला माहीत होतं, आणि आता तिलाही आठवलं होतं.

पुढचं भाषण मी कसं संपवलं ते आठवत नाही. गुच्छ मिळाला. तो स्कूटरच्या हुकाला अडकवून आम्ही निघालो. कॅम्प तीनच्या बाजारात नेहमीसारखी कोंडी होती. हातगाड्यांवर जीन्सचे गठ्ठे, मागे रिक्षांचे हॉर्न. स्कूटर थांबली तेव्हा ती मागून म्हणाली, "विसर्जनानंतरचा रविवार होता ना तो?"

मी हो म्हणालो.

"म्हणजे आठ आठवडे."

मी काहीतरी बोलायला लागलो. कोंबड्यांचं सांगायला लागलो, त्या मुली हसल्या होत्या ते, गणपतीतलं, लिफ्टचं. ती पूर्ण ऐकून घेत होती, मध्ये तोडत नव्हती, म्हणून मी बोलतच सुटलो. माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती क्षुल्लक आहे. तरी ते खरं होतं, आणि खरं सांगायला मी आठ आठवडे उशीर केला होता. पुढची रिक्षा हलली. मी स्कूटर सुरू केली. अंबरनाथ आलं. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तू मला कोंबडीइतकं तरी समजायचं होतंस."

मी म्हणालो, चुकलो. तेही तिने ऐकून घेतलं.

घरी येऊन तिने स्वयंपाक केला. आईने गुच्छ बघून कौतुक केलं, तेव्हा तिने आईला सांगितलं की ह्यांचं भाषण फार छान झालं, मुलांना आवडलं. तिने ते खोटं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती सातला निघाली, आणि त्यानंतरही रोज निघत राहिली.

आता दोन वर्षं होतील. तिचा प्रबंध पुरा होत आलाय. आम्ही नीट राहतो, भांडण नाही, सण होतात, कपड्यांची बादली गॅलरीत आहे. तिला मदत लागते तेव्हा ती विचारते, आणि मी सांगतो ते लिहून घेते, आणि मग ते दुसऱ्या कुणाकडून तपासूनही घेते. हे मला परवा कळलं. तिच्या एका विद्यार्थिनीने मला सहज फोन करून विचारलं, सर, मॅडम म्हणाल्या दुसऱ्या ठिकाणीही खात्री करून घे, तर तुमच्या ओळखीचं आणखी कुणी आहे का?

मी तिला म्हाताऱ्या ऑपरेटरचा नंबर दिला.